शोभा सिस्टर, मी आणि लायपोनंतरचे खड्डे

डॉक्टरच्या टेबलावर दोन गोष्टी आपोआप साठतात. औषध कंपन्यांची पेनं आणि किस्से. पेनं लोक सही करता करता खिशात घालून नेतात. किस्से कुणी नेत नाही. ते माझ्याकडेच राहतात, आणि आता इतके झालेत की चारजणांना वाटल्याशिवाय ड्रॉवर बंद होणार नाही.

मी प्लास्टिक सर्जन. सांगलीत छोटंसं क्लिनिक आणि दर गुरुवारी साताऱ्यात ओपीडी. या किश्श्यांतल्या पेशंटांची नावं बदलली आहेत. शोभा सिस्टरांचं तेवढं तसंच ठेवलंय, कारण "माझं नाव बदललंसा तर दुसऱ्या दिवशी येणार न्हाई," असा दम मिळाला आहे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करून रिटायर झालेल्या बाई आहेत. त्यांचं ऐकावं लागतं!

* * *

माझी शाळा डेहराडूनला, डॉक्टरकी चंडीगडला. अठरा वर्षांनी परत आले ती डोक्यात एक मोठं चित्र घेऊनच. मळणीयंत्रात सापडलेले हात, उसाच्या चरकात गेलेली बोटं, भाजलेल्या बायका. या माणसांनी उपचारासाठी पुण्या-मुंबईला का म्हणून धावायचं? क्लिनिकच्या उद्घाटनाला मी या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले. तोवर पेढे वाटायचे थांबले होते.

दुसऱ्या दिवशी पहिली पेशंट आली. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरातल्या सुलोचनाकाकी. दोन्ही हात शाबूत, बोटं दहाच्या दहा.

"कुठं लागलंय, काकी?"

काकींनी दार लागलंय ना ते बघितलं आणि पदर बाजूला केला. बेंबीच्या डावीकडे एक खड्डा. आत सुपारी बसेल एवढा!

"चरबी काढायला गेले होते हो. लायपो म्हणतात ते. पोट कमी झालं, पण लोकांच्या गालावर खळी पडते, माझ्या पोटावर पडली!"

असं होतं कधीकधी. एकाच जागेवरून जास्त चरबी ओढली गेली, किंवा नळी घातलेल्या जागेचा व्रण खालच्या स्नायूला चिकटला, की कातडी आत खेचली जाते. मग सुईनं ती चिकटलेली जागा सोडवायची आणि पेशंटच्याच अंगावरची दुसरीकडची थोडी चरबी तिथं भरायची. मी हे सगळं काकींना चित्र काढून समजावलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दुसरीकडची कशाला? पहिली काढली ती कुठाय?"

"ती... टाकून दिली असणार."

"टाकली?" काकी ताडकन उठून बसल्या. "मला विचारलंसुद्धा नाही हो!"

* * *

सुलोचनाकाकींचा खड्डा भरला. तिसऱ्या दिवशी त्या ड्रेसिंगला आल्या, आणि मी पट्टीकडे बघितलं. सगळी पिवळी! पू झाला, जंतू शिरले, माझी पहिलीच केस गेली... मी अँटिबायोटिकची नावं आठवायला लागले.

शोभा सिस्टर वाकल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "हळद हाय."

मी काकींना बरंच बोलले. निर्जंतुक म्हणजे काय, ऑपरेशननंतर बाहेरचं काही का लावायचं नाही, चंडीगडला असं कुणी केलं असतं तर काय झालं असतं, सगळं. काकींचा चेहरा पडला.

"अहो, पण घरातली डब्यातली नाही लावली," त्या दुखावून म्हणाल्या. "तुमच्या हातचं काम म्हणून ह्यांनी दुकानातली राजापुरी दिली. पहिल्या प्रतीची!"

पट्टी काढली तर जखम ठणठणीत. सिस्टरांनी ती पट्टी कचऱ्यात टाकली, परत एकदा वळून बघितली आणि हळहळल्या, "आमटीला झाली असती की!"

* * *

साताऱ्याची ओपीडी एका ओळखीच्या डॉक्टरांच्या रिकाम्या खोलीत असते. मे महिन्यातल्या एका गुरुवारी तिथं माण तालुक्यातला एक उंच पोरगा आला. संग्राम. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं आणि याच्या शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. शर्टाच्या आत बनियन. बनियनच्या आत अजून एक बनियन.

"म्याडम, माझ्या एका मित्राला जरा प्रॉब्लेम हाय."

"काय झालंय मित्राला?"

"त्याच्या छातीची चरबी काढली हुती. आता तिथं खड्डं पडल्यात."

शोभा सिस्टर कापूस मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मित्राला म्हणावं, शर्ट काढ."

संग्राम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एक एक कपडा उतरवायला त्याला पाच मिनिटं लागली. वळला तेव्हा दिसलं. दोन्ही बाजूंना, ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे दोन खड्डे. श्वास घेतला की सगळी छाती वर यायची आणि ते दोनच ठिपके आत ओढले जायचे.

मग हळूहळू बाहेर आलं. वयात येताना याची छाती सुटली. शाळेत पोरांनी जगणं नको केलं. टेम्पो चालवून पैसे साठवले आणि घरी न सांगता लांबच्या शहरात जाऊन चरबी काढून घेतली. चरबी गेली, खड्डे आले. गेल्या वर्षी पोलीस भरतीला छाती मोजायच्या रांगेत उभा होता. पुढच्याला "बनियन काढ" म्हणाले, आणि हा रांगेतून बाहेर पडून सरळ एसटी स्टँडवर गेला!

"घरी काय सांगितलंस?"

"पळण्यात मागं पडलो म्हटलं. तवापास्नं आबा रोज पाटं उठवून पळवत्यात. दोन अंडी अन् दहा किलोमीटर. आबा मागनं मोटरसायकलवर!" संग्रामनं कपाळाला हात लावला. "आता उभ्या तालुक्यात माझ्याएवढं कोण पळत न्हाई. अन् मी नापास कशात झालो, तर बनियनमधी!"

वयाच्या अटीत त्याला आता एकच भरती उरली होती.

* * *

मला अशा वेळी राहवत नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि संग्रामला सांगितलं की शरीराची लाज बाळगू नये, पुरुषाची छाती कशी असावी हे ठरवणारे बाकीचे कोण, आपण जसे आहोत तसे स्वतःला आवडलो पाहिजे. चांगली दहा मिनिटं.

संग्रामनं नम्रपणे ऐकून घेतलं.

"म्याडम, मला पटलं समदं," तो म्हणाला. "पर त्या टेपवाल्या हवालदाराला कोण पटवणार?"

सिस्टर म्हणाल्या, "बास करा आता. सुई कवा घालायची ते सांगा त्येला."

* * *

सुई घालायला माझी तयारी होती. अडचण वेगळीच निघाली. खड्डा भरायला चरबी लागते, आणि आबांनी वर्षभर पळवून या पोराच्या अंगावर ती ठेवलीच नव्हती! मी पोट चिमटीत धरून बघितलं, कंबर बघितली, मांड्या बघितल्या. कातडी आणि हाडं.

"पळणं बंद," मी म्हणाले. "तूप खा, भात खा, दुपारी झोप. दोन महिन्यांनी बघू."

बाहेरच्या बाकावर वजन कमी करायला आलेल्या एक बाई बसल्या होत्या. दार अर्धवट उघडं. त्यांना मी तासाभरापूर्वीच तूप, भात आणि दुपारची झोप बंद करायला सांगितलं होतं. त्या उठल्या, आत डोकावल्या आणि संग्रामला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "कुठलं पुण्य केलंस रं बाबा?"

* * *

साधारण त्याच दिवसांत सांगलीला जतहून एक शिक्षिका आल्या. कस्तुरीबाई. त्यांच्याही मांडीला असाच खड्डा आणि त्याही काडीसारख्या बारीक. चरबी कमी पडेल, असं मी फोनवर बोलून गेले. पुढच्या वेळी दारात जीप थांबली आणि आठजण उतरले!

"रक्त देत्यात तसं चरबी देऊया म्हणून आलोय," कस्तुरीबाईंचे दीर म्हणाले. "कुणाचीबी घ्या."

सासूबाई भरभक्कम होत्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे वळले.

"ब्याड, ब्याड!" कानडीत नको-नको म्हणत त्यांनी दोन्ही हात झटकले. "माझी कशाला? मोठ्या सुनंची घ्या. काम करत न्हाई, बसून बसून साठवलीया."

मोठी सून कमरेवर हात ठेवून पुढे आली. "आत्तींचीच घ्या, डॉक्टर. जुनी हाय. चांगली मुरलेली!"

मी दोघींच्या मध्ये उभी राहिले. दुसऱ्याची चरबी अंगाला लागत नाही, ज्याची त्यालाच चालते, हे परत परत सांगितलं. सासूबाईंनी सगळ्या गोतावळ्यावरून एकदा नजर फिरवली.

"म्हंजे घरात एवढी असून उपेगाची न्हाई!"

* * *

आता आप्पांचा किस्सा. आप्पा म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणारे गुळवे. चाळीस वर्षं उसाच्या रसाच्या काहिलीसमोर उभं राहिलेला माणूस. पाठीवर चरबीची मोठी गाठ होती, ती कुणीतरी नळीनं ओढून काढली आणि त्या जागी वाटी राहिली. ती भरायला माझ्याकडे आले.

या कामात पेशंट जागाच असतो, नुसती जागा बधिर करतो. पोटावरची चरबी सिरिंजमध्ये घेतली आणि सिस्टरांनी सिरिंजा स्टँडला उभ्या लावल्या. थोडा वेळ ठेवलं की थर पडतात. वर तेल, खाली रक्तपाणी, मध्ये कामाची चरबी. किती वेळ थांबायचं, हे शिकायला मला चंडीगडला सहा महिने लागले होते.

मी हात पुढे केला.

"थांबा," टेबलावरून आवाज आला. आप्पा मान वळवून सिरिंजांकडे बघत होते. "अजून न्हाई झालं."

"आप्पा, तुम्ही पडून राहा."

"पडलोयच की. पर हलवू नगासा त्याला. मळी वर येऊ द्या."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. खरंच दोन मिनिटं बाकी होती.

"हां, आता घ्या!" आप्पा म्हणाले, आणि बरोबर त्याच क्षणी घड्याळातली दोन मिनिटं संपली.

जाताना आप्पांनी मला बाजूला घेतलं. माझं नाव खराब होऊ नये म्हणून आवाज एकदम खाली आणला.

"काम चांगलं हाय तुमचं. पर येळ लय जातोय. पुढच्या टायमाला, आमी काहिलीत टाकतो तसा रानभेंडीचा रस टाकून बघा. मळी लगीच वर येती!"

* * *

दोन महिने संग्राम खात होता. पेरणीच्या गडबडीत आबांना त्याला पळवायला सवड नव्हती. दर गुरुवारी सिस्टर त्याच्या कमरेला चिमटा काढायच्या आणि बाजारात भाव सांगावा तसं ओरडायच्या, "वाढली गं बाई थोडी!" ऑगस्टमध्ये शेवटी कामापुरती जमली. चिकटलेले व्रण सोडवले, दोन्ही खड्डे भरले. भरलेल्या जागेवर दाब नको, चोळणं नको आणि पळायचं तर नावच नको, असं बजावून घरी पाठवलं.

पुढच्या गुरुवारी संग्राम लंगडत आला. डाव्या पायाला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या बांधलेल्या, वरून लेप!

"अरे! पायाला काय झालं?"

"पायाला कुठं काय झालंय? पाय बरा हाय."

"मग हे?"

"पळत का न्हाईस म्हणून आबांनी इचारलं. पाय मुरगाळला म्हटलं. मग आबांनी हाडवैद्याकडं नेलं."

"त्याला कळलं नाही पाय धडधाकट आहे ते?"

"कळतंय कुठलं! त्यानं दाबून दाबून कुठं मुरगाळलाय ते बी शोधून काढलं."

* * *

भरती पुढे ढकलली गेली. मग अजून पुढे. उभा जिल्हा सरकारला शिव्या देत होता, तेव्हा मी एकटी मनातून खूश होते. भरलेली चरबी जम धरायला तेवढेच महिने मिळाले. दिवाळीनंतर मी संग्रामची छाती तपासली. सपाट! श्वास घेतला तरी कुठं ओढत नव्हती. मी फोटो काढले, आधीचे-नंतरचे शेजारी ठेवून त्याला दाखवले. तो बघत राहिला.

"बेस झालं," म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून पहिला बनियन घातला, त्यावर दुसरा घातला आणि शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलं.

शोभा सिस्टरांनी ठरवलं की सराव घ्यायचा. घरच्या शिलाई मशीनची टेप घेऊन आल्या, खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि हवालदाराच्या आवाजात गरजल्या, "चल ए, पुढचा! बनियन काढ!"

संग्रामचे हात शर्टाच्या बटणापर्यंत गेले आणि तिथंच राहिले.

"सिस्टर, आज नगं. पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. एकदा तर सिस्टरांनी मला, ओपीडीच्या मालकांना आणि औषधवाल्याला रांगेत उभं केलं, म्हणजे त्याला भरतीसारखं वाटावं. संग्राम आमच्या मागे चौथा. त्याचा नंबर यायच्या आत तो जिना उतरून गेला होता.

मी खुर्चीत बसले. इतक्या वर्षांचं शिक्षण, इतकं चांगलं काम, टाकासुद्धा दिसत नाही. आता अजून काय भरायचं राहिलं होतं?

सिस्टर टेप गुंडाळत म्हणाल्या, "कसं हाय म्याडम, खड्डा बुजला. पर ह्यो गडी अजून खड्डा चुकवूनच गाडी चालवतोय."

* * *

जानेवारीतला गुरुवार. साताऱ्यात अशी थंडी होती की सिस्टरांनी स्वेटरवर शाल घेतली होती. संग्रामची भरती त्याच सकाळी होती. सिस्टरांनी एकाच म्हाताऱ्याचं ड्रेसिंग दोनदा केलं.

साडेअकराला बाहेरच्या बाकावर बायकांचा एकदम कालवा उठला. दार धाडकन उघडलं. आत एक माणूस. डोक्याला हेल्मेट, खाली ट्रॅकपँट, पायात बूट. मध्ये काहीही नाही!

त्यानं हेल्मेट काढलं. संग्राम!

"म्याडम, झाली!" त्याला धाप लागली होती. "मोजली!"

"अरे बस, बस. काय झालं नीट सांग."

"रांगेत माझा नंबर चौदावा. पयल्याला म्हणले बनियन काढ, तवाच मी बी काढून टाकला. दोन्ही! म्हटलं, इचार करत बसलो तर पाय परत स्टँडकडं वळत्यात. थंडीनं दात वाजत हुते, पर काढला."

"मग?" सिस्टर कात्री हातात धरून उभ्या होत्या.

"मग नंबर आला. हवालदारांनी टेप लावली. म्हणले, फुगव. फुगवली. म्हणले, बसतंय मापात, सोड श्वास. मी सोडलाच न्हाई."

"का रं?"

"म्हटलं, सायेब, अजून एकदा मोजा की!"

"मोजली?"

"मोजली. मागचं पोरगं वरडाय लागलं, आमाला बी ठेवा की टेप!"

मला हसू आवरेना. "आणि पळायचं?"

"पळायचं इचारूच नगा. आबांनी पळवलंय. शेवटच्या चकराला मागं वळून बघितलं तर कोणच न्हाई. वाटलं, चुकीच्या बाजूला पळालो का काय! आता यादी लागंल तवा लागंल. पळायचं नंबरचं जाकीट परत दिलं, गाडीला किक मारली, अन् पोवई नाक्यावरनं तडक हिकडं. नाक्यावर समदी माणसं माझ्याकडं बघाय लागली. मी बी हात केला!"

शोभा सिस्टरांनी शालीच्या टोकानं नाक पुसलं. मग त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ते समदं झ्याक झालं. पर लेका, तुझा शर्ट कुठाय?"

संग्रामनं खाली स्वतःकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत खाली.

"आयला! ग्राउंडवरच राहिला की!"